कथास्पर्धेसाठी लघुकथेत सगळे घटक असलेच पाहिजेत का? सर्वांत महत्त्वाचा कोणता?

निवेदक. गोष्ट कोण सांगतंय हे पक्कं झालं की काय दिसणार, काय झाकलेलं राहणार, कुठले शब्द येणार, हे बरंचसं ठरून जातं. कथानक, पात्रं, संवाद वगैरे यादी तुमच्याकडे असेलच. 'वातावरण' म्हटलं की मात्र माझं डोकं फिरतं.

आम्ही बडोद्याचे, दांडिया बाजारातले. बारा वर्षांपूर्वी एका स्पर्धेला कथा पाठवली होती. सांगणारी आठ वर्षांची मुलगी. तिची आजी हिंचक्यावर बसायची तेव्हा डावीकडची कडी कुरकुरायची. कुणी तेल घालायला गेलं की म्हणायची, "असू दे, मी बसलेय ते स्वयंपाकघरात कळतं." आजी जाते. तेरा दिवस हिंचक्यावर कुणी बसत नाही. चौदाव्या रात्री मुलगी पाणी प्यायला उठते, तर आजोबा अंधारात स्टुलावर चढून कडीला तेल घालताहेत. संपली कथा.

कागद परत आले ते लाल शाईने माखून. आमच्या घरात हिंचकाच म्हणतात. परीक्षकांनी सगळीकडे 'झोपाळा' केलं. आमच्या बडोद्याच्या 'शेव-उसळ'ची 'मिसळ' केली. आणि खाली शेरा : 'वातावरणनिर्मिती अपुरी. संघर्ष कुठे आहे?' अहो, वातावरण तुम्हीच खोडलंत की! आठ वर्षांची बडोद्याची पोर तिच्या घरातला शब्द बोलणार नाही तर कुणाचा बोलणार?

आमचे थोरले भाऊजी तेव्हापासून परीक्षकांच्या बाजूने. "घडलं काय तुझ्या कथेत? तेल घातलं!" आता १८४२ मध्ये अमेरिकन कथाकार एडगर ॲलन पो लिहून गेला की कथा एका बैठकीत वाचून व्हावी आणि तिचा परिणाम एकच असावा. रशियन कथाकार-नाटककार चेखवने १८८९ च्या एका पत्रात नाटकाबद्दल म्हटलंय, बार उडणार नसेल तर भरलेली बंदूक रंगमंचावर ठेवू नका. माझी कडी म्हणजे तीच बंदूक. फक्त तिचा बार म्हणजे आवाज बंद होणं. भाऊजींना धडाम् ऐकू आलं नाही, त्याला मी काय करू?

तेव्हा घटक मोजत बसू नका. प्रतीक ठरवून तर अजिबात घालू नका. आधी कडी नीट कुरकुरू दे. शाळेच्या पेपरासाठी विचारत असाल तर गोष्ट वेगळी, तिथे सगळे लिहा, मार्क त्यालाच असतात. आणि हो, पहिल्या पानावर मी सूरसागर तलावाचं दीड परिच्छेद वर्णन घातलं होतं, ज्याचा कथेशी काडीचा संबंध नव्हता. त्याला परीक्षकांनी हातही लावला नाही. खोडायचं ते होतं.

भाऊजी दिवाळीला येतात तेव्हा अजूनही हा वाद घालतात. हिंचक्यावर बसूनच.