कंटेनरमधून की कंटेनरकडून?

प्रश्न असा आहे: असिंक पायथनमधल्या (एक काम वाट पाहत असताना दुसरे पुढे सरकते, अशा पद्धतीच्या कोडच्या) एका प्रकल्पाचे दस्तऐवज मराठीत लिहायचे आहेत. त्यात 'डिपेंडन्सी इंजेक्शन कंटेनर'ला, म्हणजे घटकांना लागणाऱ्या वस्तू तयार करून पुरवणाऱ्या भागाला, 'अवलंबित्व अंतःक्षेपण पात्र' म्हणावे का? 'स्कोप'ला 'व्याप्ती' चालेल का? आणि 'कंटेनरमधून सेशन घेणे' ही रचना बरोबर आहे का?

पहिल्याचे उत्तर 'नको' असे आहे. 'अवलंबित्व' हे भाववाचक नाम. एक घटक दुसऱ्यावर अवलंबून असण्याची स्थिती म्हणजे अवलंबित्व. पण कंटेनर पुरवतो ती स्थिती नव्हे, तर ज्यावर अवलंबून राहायचे ती वस्तू: डेटाबेसचे सेशन (त्याच्याशी चालणारा एक संवाद), एचटीटीपी क्लायंट, सेटिंग्जचा ऑब्जेक्ट. '-त्व' लागले की ही वस्तू हातातून निसटते. 'अंतःक्षेपण' हा वैद्यकातला शब्द, तो इथे काहीच उलगडत नाही. सॉफ्टवेअरवर लिहिणारे मार्टिन फाउलर यांनी २००४ साली 'डिपेंडन्सी इंजेक्शन' हे नाव रूढ केले. त्यामागचा मुद्दा साधा होता: घटकाने आपल्याला लागणारी वस्तू स्वतः तयार करू नये, ती त्याला बाहेरून मिळावी. त्यासाठी 'पुरवणे' हे क्रियापद पुरेसे आहे. 'डिपेंडन्सी' आणि 'कंटेनर' ही नामे तशीच राहू द्या, कोड लिहिणाऱ्यांच्या तोंडी तीच आहेत.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो तिसरा प्रश्न. 'मधून' म्हटले की डोळ्यांपुढे पेटी येते. वस्तू आत तयार पडलेली आहे, हात घातला की मिळाली. सिंक्रोनस कोडमध्ये, म्हणजे एक काम पुरे झाल्यावरच पुढचे सुरू होते तिथे, एवढ्यावर भागते. असिंकमध्ये भागत नाही, कारण मागितलेली वस्तू बरेचदा अजून तयारच झालेली नसते. डेटाबेसची जोडणी उघडायची तर नेटवर्कवर जाऊन यावे लागते. पायथनच्या क्लासमधली इनिट मेथड (ऑब्जेक्ट तयार होताना चालते ती) असिंक करता येत नाही, त्यामुळे असा ऑब्जेक्ट नुसत्या क्लासला कॉल करून पुरा तयार होत नाही. त्यासाठी वेगळे असिंक फंक्शन लिहावे लागते. ते कंटेनर चालवतो आणि मागणारा टास्क, म्हणजे इव्हेंट लूपवर चालणारे एक काम, तोवर वाट पाहतो. काम आटोपल्यावर जोडणी परत करणे, सेशन बंद करणे हेही कंटेनरकडेच असते. म्हणजे कंटेनर इथे कर्ता आहे. म्हणून 'कंटेनरकडून' लिहा, आणि 'घेणे'च्या जागी 'मागवणे'. मागणी केली त्या क्षणी वस्तू हाती येतेच असे नाही, हे 'मागवणे' या शब्दातच आले.

या मधल्या वेळात काय घडू शकते ते पाहा. 'सिंगलटन' म्हणून, म्हणजे एकच प्रत असेल अशा रीतीने, नोंदवलेला कनेक्शन पूल (उघडून ठेवलेल्या जोडण्यांचा साठा) पहिल्यांदाच मागवला जातो आहे. पहिला टास्क पाहतो, पूल अजून नाही. तो उभारायला घेतो आणि अवेटपाशी, म्हणजे कोडमधल्या वाट पाहण्याच्या जागी, थांबतो. टास्क आळीपाळीने चालवणारा इव्हेंट लूप दुसऱ्या टास्कला पाळी देतो. त्यालाही पूल दिसत नाही, तोही उभारायला घेतो. थोड्या वेळाने दोन पूल उभे असतात, आणि त्यांपैकी एक कोणीही कधी बंद करत नाही. थ्रेड, म्हणजे कोड चालण्याचा धागा, एकच आहे म्हणून हा घोळ होणार नाही, असे अनेकांना वाटते. पण अवेट आला की मध्ये फट पडतेच. उपाय दोन: उभारणीभोवती असिंक लॉक (एका वेळी एकाच टास्कला आत सोडणारे कुलूप) घालणे, किंवा अ‍ॅप सुरू होतानाच पूल उभारून ठेवणे. दस्तऐवजात नुसते 'एकमेव पूल' लिहून भागणार नाही. 'अ‍ॅप सुरू होतानाच उभारलेला एकमेव पूल' असे लिहिले, तर वाचणाऱ्याला तो केव्हा आणि कुठे तयार होतो ते कळते.

आता 'स्कोप'. व्हेरिएबलचा स्कोप म्हणजे ते कुठून कुठपर्यंत दिसते, तिथे 'व्याप्ती' योग्यच. कंटेनरचा स्कोप मात्र वेळ सांगतो: ही वस्तू केव्हापासून केव्हापर्यंत जिवंत. डिश्का या लायब्ररीत अ‍ॅप आणि रिक्वेस्ट असे स्कोप आहेत ते याच अर्थाने. यासाठी आपल्याकडे 'हयात' हा नेमका शब्द आहे. 'आजोबांच्या हयातीत' म्हणतो तसे 'रिक्वेस्टच्या हयातीत'. त्याच्या जोडीला '-पुरता' घ्या: रिक्वेस्टपुरते सेशन, अ‍ॅपपुरता पूल.

इथे जरा सांभाळून लिहावे लागते. जुन्या सवयीने 'थ्रेडपुरते' लिहाल, तर असिंकमध्ये ते चूक ठरेल, कारण शेकडो टास्क एकाच थ्रेडवर चालतात आणि थ्रेड-लोकल, म्हणजे थ्रेडपुरते ठेवलेले, मूल्य सगळ्यांना सामाईक होते. त्यासाठीच पायथन ३.७ मध्ये कॉन्टेक्स्टव्हार्स, म्हणजे टास्कपुरती वेगळी ठेवता येणारी मूल्ये, आली. 'रिक्वेस्टपुरते' हेही दरवेळी पुरत नाही. एकाच रिक्वेस्टमध्ये 'गॅदर' (अनेक कामे एकदम सुरू करणारे फंक्शन) वापरून दोन क्वेरी एकदम सोडल्या, तर दोन टास्क एकच सेशन वापरू लागतात, आणि एसक्यूएलअल्केमी या डेटाबेस लायब्ररीचे असिंक सेशन अशा एकाच वेळच्या वापरासाठी नाही. अशा ठिकाणी 'टास्कपुरते' लिहा आणि प्रत्येक टास्कला वेगळे सेशन द्या.

एक वाक्य दोन्ही रूपांत ठेवतो. 'पात्रामधून सेशन प्राप्त करण्यात यावे' यात कोण, केव्हा, किती वेळ यांपैकी काहीच नाही. त्याऐवजी: 'फंक्शन कंटेनरकडून सेशन मागवते; सेशन रिक्वेस्टपुरते असते; रिक्वेस्ट संपली की, मध्येच चूक आली तरी, कंटेनरच ते बंद करतो.' हे वाचून नवा माणूस सेशन स्वतः बंद करायला जाणार नाही.

जाता जाता दोन शब्द. 'अवेट'साठी 'थांबणे' लिहायचे असेल तर 'टास्क थांबतो' असे लिहा. 'प्रोग्रॅम थांबतो' लिहिलेत तर उलटाच अर्थ होईल, कारण तोवर बाकीचे टास्क चालू असतात. 'वाट पाहणे' त्याहून बरे. आणि 'पूल' एकटा लिहू नका, नदीवरचाही पूलच. निदान पहिल्या उल्लेखात 'कनेक्शन पूल' किंवा 'जोडण्यांचा साठा' असे पुरे लिहा.