ॲल्युमिनियम उकळावं का लागतं?

चि. विद्यार्थिनीस,

तुझं पत्र थोडक्यात असं. तू सोलापुरात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहेस, बाबा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात आहेत. बोअरच्या पाण्याचा हार्डनेस (त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम) काढताना ईडीटीए, म्हणजे धातूच्या आयनाला धरून ठेवणारं रसायन, पडताच लालसर रंग झटकन निळा झाला. ॲल्युमिनियमला मात्र जादा ईडीटीए घालून उकळायला लावलं, मग उरलेला झिंकनं मोजला. का, तर ‘रिॲक्शन स्लो आहे.’ तेवढ्यानं तुझं समाधान झालं नाही. घरचे म्हणतात, चिंचोळीला फार्मा कंपनीत क्यूसीला (मालाचा दर्जा तपासायला) लाग. या प्रश्नावर करिअर होतं का आणि गणित सोडलं तर चालेल का, असं तू विचारलंयस.

आधी तुझा प्रश्न. पाण्यात धातूचा आयन (विद्युतभार असलेला अणू) कधी एकटा नसतो. मॅग्नेशियमभोवती पाण्याचे सहा रेणू असतात, ॲल्युमिनियमभोवतीही सहाच. ईडीटीएला आत शिरायचं तर त्यांनी जागा सोडायला हवी. २५ अंश सेल्सिअसला मॅग्नेशियमवरचा रेणू सरासरी दीड मायक्रोसेकंद टिकतो, ॲल्युमिनियमवरचा जवळपास एक सेकंद. म्हणजे सुमारे पाच लाख पट फरक! ॲल्युमिनियमचा आयन लहान, त्यावर भार तीन, म्हणून त्याची पकड घट्ट. (त्याचे हायड्रॉक्साइडचे पुंजकेही बनतात, उकळण्याचं तेही एक कारण.)

पण सगळं आकारावर ढकलू नकोस. बेरिलियम ॲल्युमिनियमहून लहान, तरी त्याच्यावरचं पाणी दीड मिलिसेकंदात बदलतं, कारण भार दोनच. उलट क्रोमियम (तीन भारवाला) ॲल्युमिनियमहून थोडा मोठा, आणि त्याच्यावर एक रेणू चार-पाच दिवस बसून राहतो! तिथे डी-इलेक्ट्रॉनांची (डी नावाच्या कक्षकांतल्या इलेक्ट्रॉनांची) मांडणी आड येते. मला या विषयातलं सगळ्यात सुंदर वाटतं ते हेच.

आता गणित. सोडू नकोस, हे मी अगदी ठामपणे सांगतो. मान्फ्रेड आयगेन यांना १९६७ चं नोबेल अतिवेगवान अभिक्रिया मोजण्यासाठी विभागून मिळालं. अभिक्रियेचा समतोल क्षणात ढळवायचा आणि तो परत कसा येतो ते पाहायचं, ही त्यांची रीत. तो परतीचा आलेख वाचायला घातांकी फलनं आणि डिफरन्शियल इक्वेशन्स लागतात. पुढे याच विषयात राहायचं तर हे टाळता येणार नाही.

करिअर होतं. कर्करोगाच्या पेट स्कॅनसाठी गॅलियम-६८ हा किरणोत्सारी धातू वापरतात. त्याचं अर्धायुष्य ६८ मिनिटं, आणि डोटासारख्या लिगंडमध्ये (ईडीटीएसारख्याच, धातूला धरून ठेवणाऱ्या रेणूत) तो बसवायला सहसा तापवावं लागतं. तिथे तुझा ‘उकळायचं का’ हाच प्रश्न घड्याळ लावून सोडवतात. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात रेडिओऔषधांवर काम चालतं. पुण्याची एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) तर जवळच आहे.

वाट अशी: आयआयटीत एम.एस्सी.साठी जॅम ही प्रवेशपरीक्षा, मग संशोधनाच्या फेलोशिपसाठी सीएसआयआर-नेट ही परीक्षा. बाबांना हेही सांग, की पीएच.डी.ला जेआरएफ (ज्युनियर रिसर्च फेलोशिप) मिळाली तर सुरुवातीला महिना ३७,००० रुपये मिळतात. त्यांची काळजी खरी आहे, तिला आकड्यानंच उत्तर दे. क्यूसीची नोकरी वाईट नाही, उपकरणांवर हात बसतो. पण जॅमचा एक प्रामाणिक प्रयत्न झाल्याशिवाय तिकडे वळू नये, असं माझं मत.

तोवर कॉलेजात एक प्रोजेक्ट माग. क्रोम तुरटीचं (हिच्यात तोच क्रोमियम असतो) जांभळं द्रावण तापव, हिरवं होईल. गार झाल्यावरही ते लगेच जांभळं होत नाही, त्याला दिवसच्या दिवस लागतात. कॉलेजचा कलरीमीटर (द्रावणाचा रंग मोजणारं उपकरण) घे, रोज एकाच वेळेला रीडिंग घे आणि वहीत तारखेसह लिहून ठेव. आलेख काढलास की मला पाठव.