समन्स हातात द्यायचं असतं

पोरी,

समन्स-वॉरंटची ड्युटी लागली म्हणून तू नाराज आहेस असं कळलं. ठाण्यात बरेच जण याला पोस्टमनचं काम म्हणतात, तू तसं समजू नको. आरोपीला तारीख कळलीच नाही आणि तो कोर्टात आला नाही तर पुढे वॉरंट निघतं, मग कधीतरी रात्री त्याला घरातून उचलून आणतात आणि बायकापोरांना कळतच नाही नेमकं झालं काय. बऱ्याचदा सुरुवात कुठून झालेली असते तर कोणीतरी पाड्यावर न जाताच "मिळून आला नाही" लिहून दिलं तिथून. हे तू कधीच लिहू नको, खरंच जाऊन शोधल्याशिवाय.

आता आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याकडचं सांगतो. दिवाळीनंतर निम्मी घरं ऊसतोडीला गुजरातेत गेलेली असतात, होळीला परत येतात, त्यामुळे तारीख लांबची असेल तर होळीच्या आसपास जा, माणूस घरीच भेटेल. जवळची असेल तर कुठे गेलाय, कोणत्या मुकादमाकडे, ते विचारून रिपोर्टात लिही, कोर्टाला त्याचा उपयोग होतो. एका पाड्यात एकाच नावाचे तिघं निघतात, तेव्हा बापाचं नाव आणि वय विचारल्याशिवाय कागद कोणाच्या हातात देऊ नको. तुझी अहिराणी तिथं पुरणार नाही, तिथल्या आदिवासींची पावरी बोलणारं कोणी सोबत घे.

कायदा तसा सोपा आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे, त्यात कलम ६४ प्रमाणे समन्सची एक प्रत ज्याचं नाव आहे त्याच्या हातात आणि दुसऱ्या प्रतीच्या मागं त्याची सही किंवा अंगठा. खूप शोधूनही तो नाहीच सापडला तर कलम ६६, सोबत राहणाऱ्या घरातल्या सज्ञान माणसाकडे द्यायचं. जुन्या कायद्यात तिथं फक्त पुरुष चालायचा, आता बायको, आई, मोठी मुलगी कोणीही घेऊ शकते, आणि मला हा बदल फार आवडला कारण घरात असतात त्या बायाच. नोकर मात्र चालत नाही. पोलीस पाटील घर दाखवेल पण कागद त्याच्याकडे सोडून येऊ नको, तो घरचा माणूस नाही. यातलं काहीच जमलं नाही तरच कलम ६७, घराला दिसेल असं चिकटवायचं.

आणि याच संहितेतली कलम ३५ ची नोटीस वेगळी, ती कोर्टाची नसते, तपासाला हजर राहा म्हणून आपण काढतो. ती व्हॉट्सअपवर पाठवून मोकळं व्हायचं नाही, सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट सांगितलंय.

कागद दिला की लगेच गाडीला किक मारू नको गं. कोणतं कोर्ट, कोणती तारीख, किती वाजता हे त्याच्याच तोंडून वदवून घे, समन्स म्हणजे अटक नाही हे सांग, लोक खाकी बघूनच डोंगरात पळतात. वकिलाला पैसे नसतील तर तालुका विधी सेवा समितीत जा म्हणावं, आदिवासींना आणि बायांना उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो. हे सांगणं तुझ्या ड्युटीत लिहिलेलं नाही, तरी सांग.

रिपोर्ट त्याच संध्याकाळी लिही, वेळ आणि कोणी घेतलं त्याचं नातं टाकून, नंतर आठवत नाही. यादी हातात आली की मला फोन कर, कोणत्या पाड्यापर्यंत गाडी जाते आणि कुठून चालत जावं लागतं ते सांगतो.

तुझा काका