बॅटरीवरचे सोल्डरिंग आयर्न कुठवर साथ देते?

प्रश्न : मी दुचाकींच्या वायरिंगची आणि लहान इलेक्ट्रॉनिक उपकरणांची दुरुस्ती ग्राहकाच्या जागी जाऊन करतो. अनेकदा जवळपास प्लग नसतो. बॅटरीवर चालणारे सोल्डरिंग आयर्न घेतल्यास नेहमीच्या २५ आणि ६० वॅटच्या आयर्नची कामे त्यावर भागतील का? शिवाय अशा आयर्नने आयसी (सर्किटमधली नाजूक चिप) खराब होण्याचा धोका नसतो, हे खरे आहे का?

उत्तर : २५ वॅटची बहुतेक कामे भागतील, ६० वॅटची भागतील की नाही, हे तुम्ही कोणत्या प्रकारचे आयर्न घेता त्यावर ठरेल, कारण बॅटरीचे आयर्न म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूंमध्ये फार मोठा फरक असतो.

सर्वांत साधा प्रकार पेन्सिल सेलवर किंवा एकाच लिथियम सेलवर चालतो आणि त्याची शक्ती साधारण ६ ते १० वॅट असते. कथील ६३ टक्के आणि शिसे ३७ टक्के असलेले नेहमीचे सोल्डर १८३ अंश सेल्सिअसला वितळते, त्यामुळे बारीक तारेला किंवा एलईडीच्या पायाला डाख द्यायला एवढी शक्ती पुरते. तेच टोक सर्किट बोर्डावरच्या रुंद ग्राउंड पट्टीला लावून पाहा. तांबे उष्णता खेचून घेते, सोल्डर लापशीसारखे घट्ट होत जाते आणि शेवटी टोक पट्टीलाच चिकटून बसते. असा जोड वरून झालेला दिसला, तरी आतून कोरडा राहतो आणि दुचाकीच्या हादऱ्यांनी लवकरच सुटतो. ज्या आयर्नमध्ये तापमान-नियंत्रण नसते, त्यात बॅटरी उतरत जाईल तशी शक्तीही घटते, आणि ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते : लिथियम सेल ४.२ व्होल्टवरून ३.३ व्होल्टवर आला की सुरुवातीच्या शक्तीपैकी जेमतेम ६० टक्के उरते. सकाळी झकास चाललेले आयर्न दुपारी रडू लागते, ते यामुळे.

दुसरा प्रकार ड्रिल मशीनच्या १८ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो. ५ अँपिअर-तासांच्या बॅटरीत ९० वॅट-तास ऊर्जा असते. म्हणजे सरासरी ३० वॅट खर्च होत असतील, तर हिशेबाने तीन तास आणि प्रत्यक्षात थोडे कमी काम होते. तुमच्याकडे त्याच बॅटरीचे ड्रिल आधीपासून असेल, तर हा पर्याय सोयीचा आहे, पण बॅटरी थेट मुठीला जोडलेली असेल तर तिच्या वजनाने बारीक कामात हात स्थिर राहत नाही.

आमच्या मते तुमच्यासाठी तिसरा प्रकार योग्य ठरेल : यूएसबी-सी पॉवर डिलिव्हरीवर (यूएसबी-सी केबलमधून ५ व्होल्टपेक्षा जास्त व्होल्टेज मिळण्याच्या सोयीवर) चालणारे, तापमान नियंत्रित करणारे आयर्न आणि सोबत पॉवर बँक. पाइनसिल हे या प्रकारातले माहितीतले नाव. यात हीटर आणि तापमान मोजणारा भाग टोकातच बसवलेला असतो, त्यामुळे ते काही सेकंदांत तापते आणि जोडाला लावल्यावर गमावलेली उष्णता चटकन भरून काढते. पॉवर बँकेतून २० व्होल्टला ३ अँपिअर, म्हणजे ६० वॅट मिळतात का, एवढे मात्र तिच्यावर छापलेल्या आकड्यांत तपासून घ्या. केवळ ५ व्होल्ट देणारी पॉवर बँक येथे उपयोगाची नाही. केबल असतेच, त्यामुळे काटेकोर अर्थाने हे बिनतारी नव्हे, पण पॉवर बँक खिशात ठेवली की ती आड येत नाही. बॅटरीच्या जाड केबलला टर्मिनल बसवायचे असेल, तर मात्र अशा आयर्नवर विसंबू नका; तेथे क्रिम्पिंगच करावे, म्हणजे टर्मिनल पकडीने केबलवर दाबून घट्ट बसवावे.

आयसीबद्दलचे म्हणणे अर्धे खरे आहे. प्लगवर चालणाऱ्या, पण अर्थिंग नसलेल्या आयर्नच्या टोकावर गळतीचा प्रवाह येऊ शकतो, तो धोका बॅटरीवर खरोखरच टळतो. परंतु टोक जमिनीशी जोडलेले नसल्याने अंगावरची किंवा टोकावरची स्थिर वीज निचरून जायला वाट मिळत नाही, म्हणून नाजूक भागांसाठी स्थिर वीज जमिनीत सोडणारा मनगटपट्टा वापरावा, आणि आयर्नला अर्थिंगचा स्क्रू असेल तर त्याची तार जोडून घ्यावी.

खरेदी करताना हलवणे थांबल्यावर आपोआप थंड होण्याची सोय आहे का ते पाहा, कारण पिशवीत चुकून बटण दाबले जाणे ही या साधनांची खरी डोकेदुखी आहे. सेल बदलता येत नसेल, तर ते आयर्न घेऊ नका. टोक चांगले असतानाच बॅटरी दगा देते आणि सगळेच फेकावे लागते.