पुस्तकांची बोट आता येत नाही, पण मुलीच्या वाचनाची सोय होईल

तुम्ही विचारलंय की नॉर्वेत सोग्नेफ्योर्डच्या काठावर (फ्योर्ड म्हणजे डोंगरांमध्ये खोल शिरलेली समुद्राची अरुंद खाडी), ॲल्युमिनियमच्या कारखान्याच्या गावात नोकरी पक्की झाली आहे, सोबत पत्नी आणि सात वर्षांची मुलगी येणार आहे, आणि फ्योर्डमधल्या गावांना पुस्तकं आणि नाटकं घेऊन जाणारी बोट तुमच्या गावाला लागते का. व्हिसा, पगार आणि कराबद्दल लिहीत नाही, ते सरकारी संकेतस्थळांवर आहे. पण बोटीबद्दल कुणी विचारत नाही, म्हणून हा प्रश्न वाचून गप्प बसवेना.

ती बोट बंद झाली. पश्चिम नॉर्वेत पुस्तकांची बोट १९५९ पासून फिरू लागली, आणि १९६३ मध्ये त्या कामासाठी ‘एपोस’ बांधली गेली. होर्डालान, सोग्न ओ फ्योर्डाने आणि म्योरे ओ रोम्सडाल हे तीन जिल्हे तिच्याकडे होते. फेऱ्या सप्टेंबर ते एप्रिल, म्हणजे नेमक्या अंधाराच्या आणि वादळांच्या महिन्यांत. आत सुमारे ६,००० पुस्तकं, कप्तान, आचारी, ग्रंथपाल आणि मुलांसाठी कार्यक्रम करणारे कलाकार. धक्क्याला लागायचं, मुलांचा खेळ करायचा, पुस्तकांची देवघेव उरकायची आणि पुढच्या गावाकडे निघायचं. पुन्हा यायला महिनोन्‌महिने लागत, म्हणून एका वेळी दोन-तीन पुस्तकांची मर्यादा तिथे उपयोगाची नव्हती. लोक पिशव्या भरून नेत आणि पुढच्या फेरीला परत करत.

२०२० मध्ये सरकारी पैसा थांबला आणि बोटही थांबली. त्याच वर्षी होर्डालान आणि सोग्न ओ फ्योर्डाने मिळून ‘वेस्टलान’ हा एकच जिल्हा झाला, त्यामुळे ज्या माहितीत जुनी जिल्ह्यांची नावं असतील ती जुनी समजा. बोगदे झाले, रस्ते झाले, ई-पुस्तकं आली, हा बंद करण्यामागचा युक्तिवाद. पुस्तकांपुरता तो बराचसा खरा आहे. पण चाळीस घरांच्या गावात पुस्तक सुचवणारा माणूस आणि नाटक करणारा माणूस एकाच दुपारी हजर होतो, ही गोष्ट ई-पुस्तकातून येत नाही. हे मला मनापासून लागतं, आणि ते तसं लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

आता सोय काय आहे ते. कायद्याने प्रत्येक नगरपालिकेत सार्वजनिक वाचनालय असावंच लागतं आणि पुस्तक न्यायला पैसे पडत नाहीत. लहान नगरपालिकेत ग्रंथपाल आठवड्यातले थोडेच तास भेटतो. मात्र अनेक ठिकाणी कार्ड आणि पिन वापरून कर्मचारी नसतानाही आत जाता येतं, त्यासाठी आधी करारावर सही करावी लागते. पहिल्याच भेटीत ती करून टाका. जे पुस्तक तिथे नाही ते दुसऱ्या वाचनालयातून मागवून मिळतं. नवं नॉर्वेजियन ललित साहित्य तर सरकारची कला परिषद १९६५ पासून प्रती विकत घेऊन वाचनालयांना पाठवते, म्हणून टीचभर गावातही नवी पुस्तकं दिसतात. नाटक आणि संगीत शाळेत येतं. ‘सांस्कृतिक दप्तर’ अशा नावाची देशभरची योजना आहे, तिच्यात व्यावसायिक कलाकार शाळांमध्ये कार्यक्रम करतात. पालकांना वेगळं काही भरावं लागत नाही.

अडतं ते कार्डापाशी. कार्डाला, बँकेला, शाळेच्या ॲपला, सगळ्याला अकरा आकडी राष्ट्रीय क्रमांक लागतो. तो येईपर्यंत काहींना तात्पुरता क्रमांक मिळतो, ज्यात जन्मतारखेच्या पहिल्या आकड्यात चार मिळवलेले असतात. म्हणजे बारा तारीख बावन्न होते, आणि कुठलातरी अर्ज ती तारीख अमान्य म्हणून परत करतो. कायम क्रमांकासाठी ओळख तपासायला प्रत्यक्ष जावं लागतं, आणि हे काम ठरावीक कर कार्यालयांतच होतं. फ्योर्डच्या गावातून फेरी गाठून जाऊन येण्यात दिवस मोडतो. एकाचा जरी कागद कमी पडला तरी पुन्हा जावं लागू शकतं. तिघांची वेळ भारतातूनच एका दिवशी घेता येते का ते बघा. विवाह नोंदणीचा आणि मुलीचा जन्माचा दाखला ॲपोस्टिल करून घ्या (म्हणजे परदेशात चालण्यासाठीचा सरकारी शिक्का), आणि पासपोर्टसकट सगळ्याच्या मूळ प्रतीच घेऊन जा. आणि संगणक कार्ड देत नसेल तर वाचनालयात जाऊन ग्रंथपालाशी बोला. जे पडद्यावर होत नाही ते टेबलापाशी बहुधा होतं.

शाळेबद्दल एक गोष्ट तुम्हाला आधी कुणी सांगणार नाही. तिकडच्या शाळांत न्यूनोर्स्क शिकवतात, आणि मोठ्यांचे बरेच वर्ग आणि बहुतेक ॲप बूकमोल शिकवतात. नॉर्वेजियन लिहिण्याच्या या दोन पद्धती आहेत, आणि ‘मी’, ‘काय’, ‘नाही’ हे रोजचे शब्दच दोन्हींत वेगळे आहेत. म्हणजे घरी तुम्ही जे शिकाल त्याने मुलीचा गृहपाठ तपासता येणार नाही, उलट बरोबर लिहिलेलं चूक ठरवाल. शाळेची पुस्तकं न्यूनोर्स्कमध्ये मिळतात, पण मुलांच्या आवडीच्या मालिका बहुतेक बूकमोलमध्ये असतात. न्यूनोर्स्कसाठी ‘देत नोर्स्के सामलागे’ या प्रकाशनाची मुलांची पुस्तकं मागा. पहिलं वर्षभर मुलीने वाचनालयातली न्यूनोर्स्क चित्रपुस्तकं मोठ्याने वाचावीत आणि तुम्ही शेजारी बसून शिकावं. आठवीच्या आधी गुण मिळत नाहीत, त्यामुळे ती मागे पडतेय की नाही हे प्रगतिपुस्तकातून कळणार नाही. शिक्षकांना थेट विचारावं लागतं, आणि ‘छान चाललंय’ एवढ्यावर थांबायचं नाही.

आणि मराठी. इथे माझा राग अजून उतरलेला नाही. मातृभाषेचं शिक्षण देण्याची तरतूद आहे, पण मुलाला नॉर्वेजियनमध्ये वर्ग समजू लागेपर्यंतच, आणि तेही गरज वाटली आणि शिक्षक मिळाला तर. म्हणजे मराठी मोजली जाते ती नॉर्वेजियनपर्यंत पोचायचं साधन म्हणून. एकदा पोचलात की तिची गरज संपली, असा अर्थ होतो. मूल घरी मराठी बोलतं, पण वाचत नाही, आजीचं पत्र दुसऱ्याकडून वाचून घेतं. याचं शल्य जात नाही. राष्ट्रीय ग्रंथालयाचा बहुभाषिक विभाग हिंदी, उर्दू आणि तमिळ पुस्तकं तुमच्या वाचनालयाकडे पाठवू शकतो. हिंदी मागवलीत तर देवनागरी डोळ्यांखालून जात राहते, हाही फायदा लहान नाही.

तिथल्या एकटेपणाबद्दलही तुम्ही विचारलंत. नोव्हेंबर ते जानेवारी जड जातो. गावच्या वाद्यवृंदात किंवा मुलांच्या फुटबॉलमध्ये काहीतरी काम अंगावर घ्या, बाकी त्यावर बोलून काही होत नाही.

पुस्तकं मात्र आत्ताच ठरवा. २३ किलोच्या एका बॅगेत निम्मं वजन मुलीच्या पुस्तकांना द्या, तांदूळ आणि डाळ मोठ्या गावांत मिळते. जाड पुस्तकं नकोत. सात वर्षांच्या मुलीला मोठ्या टाइपाची, पानाला तीन-चार ओळींची चित्रपुस्तकं जास्त दिवस पुरतात. ज्योत्स्ना प्रकाशनाची बघा. बालभारतीच्या ‘किशोर’चे १९७१ पासूनचे जुने अंक इंटरनेटवर मोफत आहेत, ते छापून घ्या. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर मराठी गोष्टी पातळीनुसार लावलेल्या आहेत, पहिल्या पातळीपासून सुरुवात करा, मुलगी मराठी शाळेत असली तरीही. नंतर पोस्टाने मागवलीत तर पार्सलवर ‘छापील पुस्तकं’ असं इंग्रजीत ठळक लिहा आणि बिल वरच्या बाजूला लावा. छापील पुस्तकांवर नॉर्वेत मूल्यवर्धित कर शून्य आहे, पण त्यात कपडे किंवा फराळ घातलात की त्या वस्तूंवर कर आणि हाताळणीचं शुल्क लागू शकतं. दिवाळीचा फराळ वेगळ्या पार्सलने पाठवायला घरी आत्ताच सांगून ठेवा.