जुना मॅनेजर ‘नाही’ म्हणतो तेव्हा

प्रश्न : आमच्या आवडत्या फुटबॉल क्लबने हंगामाच्या मध्यात जुन्या मॅनेजरला (म्हणजे मुख्य प्रशिक्षकाला) परत बोलावलं, तो नाही म्हणाला. विश्रामबागच्या कट्ट्यावर निम्मे त्याला कृतघ्न म्हणतात. पटतं का? – एक वाचक, सांगली

उत्तर : मुळीच नाही. मध्येच येणाऱ्याला हंगामपूर्व सराव मिळत नाही, नवे खेळाडू साधारणपणे जानेवारीतच घेता येतात. शिवाय जुने सहायक दुसरीकडे करारात अडकलेले असतात. गाडी बहुधा तिथेच अडते. परतलेल्याचं यश टिकतंच असंही नाही. मॅनेजर मोरिन्यो २०१३ मध्ये चेल्सी या इंग्लिश क्लबात परतले, २०१४-१५ची लीग जिंकली. पण डिसेंबर २०१५ मध्ये संघ सोळाव्या क्रमांकावर असताना त्यांना जावं लागलं. मॅनेजर झिदान हंगामाच्या मध्येच, मार्च २०१९ मध्ये, स्पेनच्या रियल माद्रिद क्लबात परतले. तो हंगाम हातचा गेलाच होता. पूर्ण उन्हाळा मिळाल्यावर २०१९-२०ची ला लीगा (स्पेनची लीग) आली. कट्ट्यावर भांडायचंच तर खेळाडू निवडायचा अधिकार क्लबने किती देऊ केला होता, यावर भांडा.