एकट्याचा भात किती लावतात?

“ताई, अठरा पूर्ण झाले की जायचं कुठे?” नाशिकमधल्या बालगृहांतली सतरा-साडेसतरा वर्षांची मुलं-मुली मला हे इतक्यांदा विचारतात, की आता वाक्य पूर्ण व्हायच्या आधीच मला ते कळतं. म्हणून एका मुलाबद्दल लिहिते आहे. त्याची ओळख पटेल असं काही इथे ठेवलेलं नाही.

आयटीआयला फिटर ट्रेडला होता. पेटीची किल्ली गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात. मी बोलायची, तो किल्ली फिरवत ऐकायचा. बाल न्याय अधिनियम 2015 च्या कलम 46 मध्ये संस्थेतून बाहेर पडणाऱ्यांच्या अनुरक्षणाची, म्हणजे अठरानंतरच्या आधाराची, तरतूद आहे. 21 वर्षांपर्यंत, अपवादात्मक परिस्थितीत 23 पर्यंतही. मिशन वात्सल्य या सरकारी योजनेतून महिन्याला 4000 रुपये मिळू शकतात. हे सगळं मी त्याला सांगितलं.

“भीक नको मला,” एवढंच म्हणाला. तीन आठवडे अर्ज कोराच राहिला.

चौथ्या भेटीत मी कागद बाजूला सारले आणि विचारलं, “बाहेर गेल्यावर पहिल्या रात्री काय करशील?”

बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “ताई, मला साठ जणांचा भात लावता येतो. एकट्याचा किती लावतात?”

आणि रडला. मी त्याला थांबवलं नाही.

तोवर मी छपराबद्दल आणि पैशाबद्दलच बोलत होते. त्याला भीती होती ती एकटं जेवण्याची. आईबापाच्या घरातल्या पोराला आपण अठराव्या वाढदिवशी “आता तुझं तू बघ” म्हणतो का? नोकरी लागली तरी ते आईला फोन करून फोडणीचं विचारतंच. माझी श्रद्धा नात्यावर आहे. पाठीशी माणूस असेल तरच योजनेचा पैसा अंगी लागतो. हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण कळलं त्या दिवशी.

मग आम्ही आधी माणूस शोधला. संस्थेतूनच बाहेर पडलेला, अंबडच्या कंपनीत कामाला लागलेला एक दादा. दर रविवारी भेटायचं ठरलं. पुढच्याच आठवड्यात अर्ज भरून आला, अक्षर सुबक. मला त्या कागदाचं आजही अप्रूप आहे.

हे वाचणाऱ्या अधीक्षकांना, काळजीवाहकांना आणि मुलांनाही सांगते, वाढदिवसाची वाट पाहू नका. सतरावं लागलं की तयारीला लागा. आधार, स्वतःच्या नावाचं बँक खातं, शाळेचा दाखला हे सगळं हातात हवं. जिल्हा बाल संरक्षण कक्षात अर्ज लवकर द्या, बालकल्याण समितीशी बोला. आई-वडील नसलेल्यांनी अनाथ प्रमाणपत्र संस्थेत असतानाच काढावं. 2018 पासून राज्यात शिक्षणात आणि शासकीय नोकरीत अनाथांना 1 टक्का आरक्षण आहे, आणि या कागदाशिवाय ते मिळत नाही. “अनाथ” शब्द टोचतो, हे खरंच आहे. त्यावर मुलाशी बोला, त्याला दटावू नका. आणि एक मोठं माणूस ठरवून द्या, ज्याला रात्री दहालाही फोन करता येईल.

तो आता सिडकोत कॉट बेसिसवर राहतो. पहिल्या रात्री साडेनऊला त्याचा फोन आला. “ताई, एक वाटी म्हणालात, पण मी दोन लावले. दादा जेवायला आलाय.”